४जी६३ मधले बॅलन्स शाफ्ट काढल्यावर थरथर आणि ऑइल प्रेशरची तक्रार: दोष नेमका कुठे शोधायचा

मित्सुबिशीचं ४जी६३ इंजिन नव्याने बांधायला घेतलं की बॅलन्स शाफ्ट (इंजिनाची थरथर मारायला आत फिरणारे दोन वजनी दांडे) ठेवायचे की काढायचे, हा प्रश्न हमखास निघतो. काढले, की दुसरा प्रश्न तयार असतो: "गाडी आयडलिंगला थरथरते, शाफ्ट काढल्यामुळेच ना?" आणि इंजिन थोडं चाललं की तिसरा: "गरम झाल्यावर ऑइल प्रेशर खाली येतं, पंप बदलू का?" गाडी एक्लिप्स असो, ईगल टॅलॉन असो, गॅलंट व्हीआर-४ असो की लॅन्सर इव्होल्यूशन, तक्रारी याच असतात. इकडे अमेरिकेत या जुन्या टर्बो गाड्या घेऊन घरच्या गॅरेजमध्ये इंजिन बांधणारे बरेच मराठी लोक आहेत. त्यांच्याशी बोलताना तीच उत्तरं पुन्हापुन्हा द्यावी लागतात, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

दोन गोष्टी आधीच सांगतो. आयडलिंगची मोठी थरथर शाफ्ट नसल्यामुळे सहसा नसते, तिचं कारण दुसरीकडे असतं. आणि प्रेशर कमी होण्याचं कारण पुष्कळदा पंपात नसतं, ते ब्लॉकमध्ये न बुजवलेल्या एखाद्या भोकात असतं. त्यामुळे नवा पंप मागवण्याआधी किंवा इंजिन परत खाली उतरवण्याआधी हे वाचा.

हे शाफ्ट करतात काय

चार सिलिंडरच्या इनलाइन इंजिनात दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात. त्यामुळे सगळं आपोआप जुळलं असं वाटतं, पण ते पूर्ण जुळत नाही. ४जी६३ चा स्ट्रोक ८८ मिलिमीटर आणि कनेक्टिंग रॉड १५० मिलिमीटर. क्रँक वरच्या टोकापासून बरोबर ९० अंश फिरला की पिस्टन निम्म्यावर, म्हणजे ४४ मिलिमीटरवर असायला हवा. पण तेव्हा रॉड तिरका झालेला असतो, म्हणून पिस्टन प्रत्यक्षात ५०.६ मिलिमीटर खाली आलेला असतो. आणि नेमक्या याच क्षणी चारही पिस्टन एकाच उंचीवर असतात. म्हणजे चौघांचा मिळून गुरुत्वमध्य मधल्या रेषेच्या ६.६ मिलिमीटर खाली गेला. पुढच्या ९० अंशांत तो परत जागेवर येतो, त्यापुढच्या ९० अंशांत पुन्हा खाली जातो. क्रँकच्या एका फेरीत इंजिनाला असे दोन हेलकावे बसतात. हीच सेकंडरी थरथर.

ती मारायची तर क्रँकच्या दुप्पट वेगाने, एकमेकांच्या उलट दिशेने फिरणारे दोन वजनी शाफ्ट लागतात. उभ्या दिशेचा त्यांचा जोर मिळून पिस्टनच्या हेलकाव्याला विरोध करतो आणि आडव्या दिशेचा जोर एकमेकांत जिरतो. ही कल्पना इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. मित्सुबिशीने १९७० च्या दशकात ती 'सायलेंट शाफ्ट' या नावाने रोजच्या गाड्यांत आणली. त्यांनी दोन शाफ्ट वेगवेगळ्या उंचीवर बसवले, म्हणजे इंजिनाच्या आडव्या डोलण्यालाही थोडा आळा बसतो. पोर्शने ९४४ साठी त्याचा परवाना घेतला होता.

यातून एक गैरसमज दूर व्हायला हवा. बॅलन्स शाफ्ट काढले म्हणून क्रँक 'आउट ऑफ बॅलन्स' होत नाही. क्रँकचं बॅलन्सिंग वेगळं आणि हे वेगळं. मशीन शॉपमध्ये क्रँक कितीही बारकाईने बॅलन्स करून आणलात तरी सेकंडरी थरथर एका ग्रॅमनेही कमी होणार नाही, कारण ती रॉडच्या तिरकेपणातून येते. तसंच पुढच्या पुलीतला रबरी डॅम्पर हाही तिसराच प्रकार. तो क्रँकला पडणारा पीळ शोषतो. शाफ्ट काढताना "आता हीही हलकी करू" म्हणून तिथे भरीव अॅल्युमिनियमची पुली बसवतात ते मला अजिबात पटत नाही. शाफ्ट काढल्याने गाडीत बसणाऱ्याला त्रास होतो. डॅम्पर काढल्याने क्रँकला त्रास होतो.

थरथर: आधी आरपीएम बघा

सिलिंडरमागे वरखाली होणारं वजन, म्हणजे पिस्टन, पिन, रिंगा आणि रॉडचं वरचं टोक मिळून सुमारे ६०० ग्रॅम धरू. ७,००० आरपीएमला सेकंडरी जोर सुमारे १,७०० किलो येतो. ३,५०० ला त्याचा चौथा हिस्सा, सव्वाचारशे किलोच्या आसपास. आणि ७५० च्या आयडलिंगला? जेमतेम २० किलो. जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून एवढा फरक.

हे २० किलो नीट लक्षात ठेवा. शंभर किलोहून जड इंजिन चांगल्या रबरी माउंटिंगवर असेल तर एवढ्याने स्टिअरिंग हलत नाही, आरसा हलत नाही, डॅशबोर्ड खडखडत नाही. शाफ्ट काढल्याची खरी खूण अशी: आयडलिंगला जवळजवळ पूर्वीसारखंच, ३,००० च्या पुढे सीटमध्ये आणि पेडलमध्ये बारीक झिणझिण, आणि वर जाल तशी ती वाढत जाते. तुमची तक्रार याच्या उलट असेल, म्हणजे आयडलिंगला जोरात आणि वर गेल्यावर गुळगुळीत, तर शाफ्टचा विषय तिथेच सोडून द्या.

मग काय शोधायचं? इंजिन बांधताना शाफ्टबरोबर आणखी काय काय बदललं ते आठवा. बहुतेक जण त्याच खेपेला कडक पॉलियुरेथेनची माउंटिंग टाकतात, हलकं फ्लायव्हील टाकतात, मोठ्या ड्युरेशनचे कॅम टाकतात, मोठे इंजेक्टर टाकतात. आणि थरथर आली की खापर मात्र एकट्या शाफ्टवर फुटतं. माझ्या मते पहिला संशय माउंटिंगवर घ्यावा. एक्लिप्स-टॅलॉनमध्ये इंजिनाला चार आधार असतात, त्यातले पुढचा आणि मागचा असे दोन रोल स्टॉपर. इंजिन झटके देतं ते मुख्यतः पुढेमागे डोलून, आणि ते झटके बॉडीत याच दोघांमधून उतरतात. पोकळ रबरात युरेथेन ओतून ते कडक केले असतील तर आयडलिंगचा प्रत्येक स्फोट तुम्हाला जागेवर बसून मोजता येईल. दोन्ही रोल स्टॉपर मूळचे टाकून बघा. खर्च थोडा, काम थोडं, आणि उत्तर लगेच मिळतं.

त्यानेही समाधान झालं नाही तर फोनवरचं कंपन मोजणारं एखादं अॅप घ्या. ते कंपनाची वारंवारता दाखवणारं हवं. फोन सीटच्या लोखंडी पट्टीवर घट्ट चिकटवा आणि आयडलिंगला आलेख बघा. समजा आयडलिंग ९०० आहे. म्हणजे क्रँक सेकंदाला १५ फेऱ्या मारतो. आलेखाचं टोक ७.५ हर्ट्झला असेल तर एखादा सिलिंडर अशक्त आहे, कारण प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. टोक १५ हर्ट्झला असेल तर फेरीगणिक एक झटका बसतोय: फ्लायव्हील, क्लचची प्लेट किंवा पुढची पुली तपासा. टोक ३० ला असेल तर ती स्फोटांची नेहमीची लय आहे आणि माउंटिंग ती बॉडीत जास्त सोडतंय. शाफ्टची झिणझिणही याच दुप्पट वारंवारतेची असते, म्हणून दोन्हींमधला फरक आरपीएम वाढवून ओळखायचा. बऱ्याच फोनचा सेन्सर फार वरची वारंवारता पकडत नाही, त्यामुळे ही तपासणी खालच्या आरपीएमलाच भरवशाची ठरते.

एका मित्राची १९९१ ची टॅलॉन होती. शाफ्ट काढल्यावर सिग्नलला उभी असताना रिअर व्ह्यू आरशातली मागची गाडी दुहेरी दिसायची. इंजिन परत खोलून शाफ्ट बसवायची तयारी झाली होती, शाफ्ट काढण्याच्या किटचे पैसे वाया गेले म्हणून हळहळही झाली होती. फोन लावला तर टोक बरोबर आयडलिंगच्या निम्म्यावर. तीन नंबरच्या इंजेक्टरच्या कनेक्टरची तारेची क्लिप इंजिन भरताना तुटली होती. कनेक्टर बसलेला दिसत होता, पण बोटाने हलवला की इंजिनाचा आवाज बदलायचा. नवी क्लिप टाकली आणि आरसा स्थिर झाला. ती गाडी आजही शाफ्टशिवाय चालते.

क्लच दाबल्यावर थरथर बदलली तर क्लच प्लेट किंवा गिअरबॉक्सकडे बघा. चालत्या गाडीत न्यूट्रल टाकूनही ती तशीच राहिली आणि आरपीएमऐवजी रस्त्यावरच्या वेगाबरोबर वाढली, तर तो चाकांचा किंवा ड्राइव्ह शाफ्टचा प्रश्न आहे. यावर जास्त लिहीत नाही.

एक गोष्ट मात्र शाफ्टच्या खात्यातच जाते. २.३ लिटर स्ट्रोकर बांधला असेल, म्हणजे ४जी६४ चा १०० मिलिमीटर स्ट्रोकचा क्रँक १५० च्याच रॉडवर, तर वर सांगितलेला ६.६ मिलिमीटरचा हेलकावा ८.६ वर जातो. वजन तेवढंच राहिलं तरी त्याच आरपीएमला थरथर साधारण ३० टक्क्यांनी वाढते. स्ट्रोकरमध्ये शाफ्ट काढून वर "इंजिन गुळगुळीत का नाही" असं विचारायचं नाही. तिथे हलके पिस्टन आणि शक्य असेल तर लांब रॉड, एवढाच उपाय. शिवाय ही थरथर नटबोल्ट सैल करते. डाउनपाइपचा आधार, टर्बोचं ब्रॅकेट, अल्टरनेटरचा बोल्ट हे सगळे पहिल्या काही शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्या. सैल ब्रॅकेटचा खडखडाट नॉक सेन्सरलाही (अवेळी होणारे स्फोट ऐकणाऱ्या सेन्सरला) ऐकू जातो आणि इंजिन विनाकारण टायमिंग मागे घेतं.

अर्धवट काढलेले शाफ्ट

हा प्रकार आम्हाला पुन्हापुन्हा भेटतो आणि खरोखर वाईट थरथर यातूनच येते. ४जी६३ मधला एक शाफ्ट क्रँकवरून येणाऱ्या छोट्या बेल्टने फिरतो. दुसरा ऑइल पंपाच्या फिरवल्या जाणाऱ्या गिअरला बोल्टने जोडलेला असतो. काही जण फक्त छोटा बेल्ट काढून टाकतात आणि "शाफ्ट काढले" असं सांगतात. काढला एकच. पंपाचा शाफ्ट आत फिरतोच आहे. त्याचा आडवा जोर जिरवणारा जोडीदार गेला, त्यामुळे उभी थरथर अर्धी राहिली तरी आडवी नवी तयार झाली. जुना छोटा बेल्ट चालत्या गाडीत तुटला तरी हेच होतं. फक्त तेव्हा तुकडे टायमिंग बेल्टमध्ये जाण्याची भीती असते. टायमिंग बेल्टने दात सोडले की या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. शाफ्ट काढण्याचं मला पटणारं सर्वांत मोठं कारण हेच आहे.

याहून फसवी गोष्ट शाफ्ट ठेवणाऱ्यांच्या बाबतीत घडते. टायमिंग बेल्ट टाकताना ऑइल पंपाच्या स्प्रॉकेटची खूण जुळलेली दिसते, पण आतला शाफ्ट अर्ध्या फेरीने चुकलेला असू शकतो. तो तपासायला ब्लॉकच्या बाजूला एक प्लग दिलेला आहे. प्लग काढायचा आणि ८ मिलिमीटर जाडीच्या दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर आत घालायचा. ६० मिलिमीटर किंवा जास्त आत गेला तर शाफ्ट बरोबर. २०–२५ मिलिमीटरवर अडला तर स्प्रॉकेट पूर्ण एक फेरी फिरवून परत बघायचा. ही एक मिनिटाची तपासणी राहिली तर दोन शाफ्टचे उभे जोर एकमेकांना मारतात, आडवे जोर एकत्र होतात, आणि इंजिन शाफ्ट नसलेल्यापेक्षाही जास्त हलतं. नुकताच बेल्ट बदलल्यानंतर थरथर सुरू झाली असेल तर सगळं सोडून आधी हा प्लग उघडा.

दोन्ही शाफ्ट पूर्ण काढलेल्या इंजिनात मात्र ही खूण बिनकामाची होते. पंपाच्या गिअरला मग फक्त तेल ढकलायचं असतं, तो कुठल्याही कोनात बसला तरी फरक पडत नाही.

गरम झाल्यावर ऑइल प्रेशर पडतं

आधी डॅशबोर्डवरचा काटा बाजूला ठेवा. यांत्रिक गेज लावा, इंजिन नीट तापू द्या, मग आकडा घ्या. तेल ७५ ते ९० अंश सेल्सिअसला असताना आयडलिंगला सुमारे ८० किलोपास्कल, म्हणजे ११–१२ पीएसआय, ही किमान मर्यादा मानली जाते. त्याच्या खाली असेल तर तक्रार खरी.

शाफ्ट बेअरिंगमध्ये फिरतात आणि प्रत्येक बेअरिंगला ब्लॉकमधल्या गॅलरीतून, म्हणजे तेलाच्या आतल्या वाटेतून, दाबाखाली तेल मिळतं. शाफ्ट जागेवर असताना जर्नल (शाफ्टचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) आणि बेअरिंगमधली फट बारीक असते, तेल थोडंथोडं झिरपतं. शाफ्ट काढला की ते भोक सरळ मोकळ्या पोकळीत उघडतं. पंपाने ढकललेलं तेल क्रँकच्या बेअरिंगपर्यंत न जाता तिथूनच चेंबरमध्ये, म्हणजे खालच्या तेलाच्या भांड्यात, परत पडतं. तेल थंड आणि जाड असताना हे कळत नाही, गेज समाधान करतो. तापून पातळ झालं की काटा बसतो.

म्हणून शाफ्टबरोबर ही भोकं बंद करणं हा कामाचा अर्धा भाग आहे, आणि नेमका तोच अर्धवट होतो. नेहमीची पद्धत अशी: शाफ्टचं बेअरिंग काढायचं आणि त्याचं भोक ब्लॉकच्या भोकासमोर येणार नाही असं फिरवून परत दाबायचं, म्हणजे बेअरिंगची भरीव पाठ गॅलरी बंद करते. यात तीन ठिकाणी लोक चुकतात.

पहिलं, मागचं बेअरिंग. बेल्टवाल्या शाफ्टचं मागचं बेअरिंग ब्लॉकच्या बरंच आत असतं आणि तिथे पोचायला लांब ओढणी लागते. पुढचं बेअरिंग हाताशी असतं म्हणून फिरवलं जातं, मागचं राहून जातं. टॉर्चने बघितलं तर लांबून दोन्ही सारखीच दिसतात.

दुसरं, जुनंच बेअरिंग परत दाबणं. एकदा ओढून काढलेलं बेअरिंग पहिल्याइतकं घट्ट बसत नाही. त्याच्या पाठीवर ओरखडे आले असतील तर त्या ओरखड्यांतून तेल वाट काढतं. मी नवीन बेअरिंगच दाबायला सांगतो. दाबल्यावर भोकाच्या जागेवर नख फिरवून बघा: कड लागली किंवा खळगा जाणवला तर ते थोडं उघडं आहे. काही जण बेअरिंगच्या भानगडीत न पडता भोकातच आटे पाडून ग्रब स्क्रू बसवतात. चांगली पद्धत आहे, पण दोन अटींवर: आटे पाडताना पडलेला कीस गॅलरीतून पूर्ण धुऊन निघाला पाहिजे, आणि स्क्रूचं टोक मुख्य गॅलरीत घुसून तेलाचा रस्ता अडवता कामा नये.

तिसरं, नको तेच बंद करणं. पंपाच्या शाफ्टच्या जागी किटमधला जो आखूड स्टब शाफ्ट बसतो, त्याने पंपाचा गिअर पेलून धरलेला असतो. तो ज्या जागी फिरतो तिथे तेल हवंच. उत्साहाने तिथलंही तेल बंद केलं तर स्टब कोरडा फिरून फ्रंट केसचं (इंजिनाच्या पुढच्या, पंप बसतो त्या झाकणाचं) अॅल्युमिनियम खातो, आणि ती बारीक चमकी पंपातून थेट क्रँकच्या बेअरिंगमध्ये जाते. स्टब बसवण्याआधी त्याच्या कडा बोटाने तपासा, बर (धातूची धारदार कड) असेल तर बारीक पॉलिश पेपरने मोडा. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळल्यावर पंप हाताने फिरवून बघा. एका जागी जड आणि एका जागी हलका लागत असेल तर इंजिनात चढवू नका.

आता इंजिन गाडीत बसलेलं आहे आणि प्रेशर कमी येतंय, अशा वेळी दोष भोकाचा की क्रँकच्या बेअरिंगच्या फटीचा, हे न खोलता कसं ठरवायचं? पूर्ण न खोलता ठरवता येतं. तेल काढून चेंबर उतरवा. प्रेशर सेंडरच्या जागेतून, हवेच्या दाबावर चालणाऱ्या तेलाच्या भांड्याने गॅलरीत तेल सोडा आणि खाली आडवे होऊन बघा. क्रँकच्या मेन आणि रॉड बेअरिंगमधून सगळीकडे साधारण सारखं, थेंबाथेंबाने तेल पडायला हवं. शाफ्टच्या पोकळीच्या बाजूने धार लागली तर गुन्हेगार सापडला. एखाद्याच मेन बेअरिंगमधून धार असेल तर प्रश्न वेगळा आहे, आणि पंप बदलूनही तो सुटणार नव्हता.

या टप्प्यावर प्रेशर वाढवायला २०डब्ल्यू-५० तेल टाकणं म्हणजे गेजला समजावणं. भोक आहे तिथेच राहतं.

प्रेशर जास्त येतं

भोकं नीट बंद केली की उलटी तक्रार येऊ शकते, आणि तिच्याकडे लोक काम छान झाल्याची खूण म्हणून बघतात. पंप तेवढाच, पण शाफ्टच्या तीन बेअरिंगला जाणारं तेल वाचलं. थंड इंजिनात काटा १०० पीएसआयच्या वर जातो. जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, पण त्याचा परतीचा मार्ग एवढं तेल सोडायला अपुरा पडतो. परिणाम टर्बोकडे दिसतो: सील तेल सोडतात आणि सकाळी निळसर धूर निघतो. टर्बो बॉल बेअरिंगचा असेल आणि त्याला फिल्टरच्या जागेवरून तेल दिलं असेल तर तेलाचा प्रवाह आवरणारा रिस्ट्रिक्टर हवाच. व्हॉल्व्हची फट तेलाच्या दाबाने भरून काढणारे हायड्रॉलिक लॅश अॅडजस्टरही जास्त प्रेशरला फुगून व्हॉल्व्ह पूर्ण बसू देत नाहीत, आणि वरच्या आरपीएमला इंजिन अडखळतं.

उपाय रिलीफचा परतीचा मार्ग रुंद आणि गुळगुळीत करण्यात आहे. प्लंजर ज्या बोअरमध्ये सरकतो त्याला हात लावायचा नाही, फक्त तेल जिथून बाहेर पडतं ते तोंड वाढवायचं. स्प्रिंग कापण्याचा सल्लाही ऐकायला मिळतो. तो मानू नका, त्याने गरम आयडलिंगचं प्रेशरही जातं.

फ्रंट केसच्या प्लगमधून गळती

बेल्टवाला शाफ्ट फ्रंट केसमधून जिथे बाहेर यायचा तिथलं सील काढून किटमधला प्लग दाबायचा असतो. तो तिरका दाबला किंवा जागा तेलकट असताना दाबला तर गळतो. पण गळती किती आहे ते बघा. भोकं बंद असतील तर प्लगच्या मागे दाब नसतो, फक्त उडालेलं तेल असतं, त्यामुळे गळती ओलसरपणाइतकीच राहते. तिथून धार येत असेल किंवा प्लगच उडून पडला असेल तर मागे पूर्ण दाब आहे, म्हणजे पुढच्या बेअरिंगचं भोक उघडं राहिलंय. नुसता नवा प्लग दाबून गाडी बाहेर काढू नका, कारण हे तेल थेट टायमिंग बेल्टवर पडतं.

याच भागात आणखी एक गोष्ट. छोटा बेल्ट काढला तरी क्रँकवरचं त्याचं छोटं स्प्रॉकेट काढायचं नाही. ते मुख्य स्प्रॉकेटला योग्य अंतरावर धरून ठेवतं. काढलं तर टायमिंग बेल्ट सरळ रेषेत राहत नाही आणि त्याची कड झिजायला लागते.

काढावेत का

रोज ऑफिसला जाणारी, घरच्यांना घेऊन लांबच्या प्रवासाला जाणारी गाडी असेल आणि इंजिन कंपनीच्या आरपीएम मर्यादेतच राहणार असेल, तर माझं मत शाफ्ट ठेवण्याकडे आहे. नवीन बेअरिंग, आणि टायमिंग बेल्टबरोबर दर वेळी नवा छोटा बेल्ट. अमेरिकेत हा बदल ६०,००० मैलांना सांगितला जातो. तेवढं पाळलं की शाफ्ट त्रास देत नाहीत.

८,००० च्या पुढे फिरवायचं इंजिन असेल तर काढा. तेव्हा शाफ्ट १६,००० वर फिरत असतात आणि त्यांची बेअरिंग त्या वेगासाठी नाहीत. शाफ्ट अडकला तर पंपाचा गिअर अडकतो. पंप थांबला की क्रँकला वाचवायला वेळ मिळत नाही.

भारतातल्या वाचकांसाठी: आपल्याकडे विकल्या गेलेल्या सिडियातही ४जी६३ च होतं, पण एका कॅमशाफ्टचं आणि टर्बो नसलेलं. वरचं सगळं त्याला डोळे झाकून लावू नका, फ्रंट केस उघडून आत काय आहे ते आधी बघा. होंडाच्या के२४ वाल्यांनी तर हे भोकांचं प्रकरण विसरावं. तिथे शाफ्ट चेंबरमधल्या ऑइल पंपाच्याच जोडणीत असतात आणि के२० चा बिनशाफ्टचा पंप बसवतात.

शेवटी पहिल्या सुरुवातीबद्दल. पंप कोरडा चालवायचा नाही. बसवतानाच गिअरमध्ये असेंब्ली ल्यूब भरा. टायमिंग बेल्ट चढवण्याआधी पंपाचं स्प्रॉकेट ड्रिल मशीनने, पंपाच्या नेहमीच्या दिशेने फिरवा आणि गेजवर प्रेशर आलं की थांबा. काटा उठतच नसेल तर बेल्ट चढवू नका, पंपाची सक्शन जाळी आणि तिचं गॅस्केट तपासा. इंजिन सुरू झाल्यावर, पूर्ण तापल्यावर, आयडलिंगचा आणि ३,००० आरपीएमचा आकडा तेलाच्या ग्रेडसकट वहीत लिहून ठेवा. पुढे कधी प्रेशर कमी वाटलं तर त्याच तेलावर, तेवढ्याच तापमानाला पुन्हा मोजा आणि वहीतल्या आकड्याशी ताडून बघा.